शंकेचा मान

अपघात झाला की आपण प्रथम यंत्राला दोष देतो. परंतु २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे प्राणास मुकली, तेव्हा यंत्रांत बिघाड नव्हता. परवानगी मिळाली असे समजून डच कप्तानाने उड्डाणासाठी विमान सोडले. समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असावे, ही शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखविली. पण कप्तानाच्या ठाम उत्तरापुढे तो गप्प बसला. पुढे वैमानिकांच्या शिक्षणात नवा धडा आला : कनिष्ठाने शंका पुन्हा बोलावी, वरिष्ठाने ती ऐकावी. वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. धोक्याच्या क्षणी मात्र ती मर्यादा मोडणे हेच कर्तव्य ठरते.