प्रोटॅक्टिनियमला वळसा

मुंबईच्या दक्षिण टोकाला, नेव्हीनगरात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन नावाचा त्वरक उभा आहे. १९८८च्या अखेरीस त्याचं उद्घाटन झालं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था तो मिळून वापरतात. त्याच्या टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू कोंडलेला असतो आणि धातूच्या कांड्यांची साखळी रहाटगाडग्यासारखी फिरत विद्युतभार वाहून नेते. मधल्या टर्मिनलवर १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत दाब साठवता येतो.

या यंत्रावर एका अवघड केंद्रकाचं मोजमाप आडवाटेनं झालं. केंद्रक प्रोटॅक्टिनियम-२३३चं. अणुभट्टीत थोरियमनं न्यूट्रॉन घेतला की युरेनियम-२३३ बनायच्या आधी हा टप्पा लागतो. त्याचा अर्धायुष्यकाल २७ दिवस. त्या मुदतीत त्यानं दुसरा न्यूट्रॉन गिळला, तर ते युरेनियम हातचं जातं.

ताऱ्यांतही हाच तिठा आहे. लोखंडापेक्षा जड असलेली बहुतेक मूलद्रव्यं न्यूट्रॉन गिळत घडली, हे बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी १९५७ साली मांडलं. वाटेत क्रिप्टॉन-८५सारखं अस्थिर केंद्रक आलं की प्रश्न पडतो: आधी क्षय होणार, की आधी न्यूट्रॉन मिळणार? ऑगस्ट २०१७मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर दिसली. तिच्या रेडिओ लहरी टिपायला नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती. अशा टकरीत अतिशय अल्पायुषी केंद्रकं ढिगानं तयार होतात. त्यांचं टार्गेट करून प्रयोगशाळेत ठेवता येत नाही. न्यूट्रॉनचंही टार्गेट होत नाही, कारण मोकळा न्यूट्रॉन सुमारे दहा मिनिटांत निम्मा उरतो.

मग वळसा घ्यायचा. न्यूट्रॉन गिळल्यावर जे तापलेलं संयुक्त केंद्रक तयार होतं, तेच दुसऱ्या मार्गानं घडवायचं आणि पुढे त्याचं काय होतं ते पाहायचं. ही कल्पना क्रेमर आणि ब्रिट यांनी १९७०मध्ये वापरली होती.

भाभा केंद्राच्या बी. के. नायक, ए. सक्सेना आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पेलेट्रॉनवरून लिथियम-६चा बीम थोरियमवर सोडला. कधी लिथियममधला ड्युटेरॉन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी, थोरियमला चिकटतो आणि अल्फा कण बाहेर पडतो. मागे उरतं प्रोटॅक्टिनियम-२३४, म्हणजे २३३मध्ये न्यूट्रॉन शिरल्यावर जे झालं असतं तेच. कधी उलट अल्फा चिकटतो, ड्युटेरॉन सुटतो आणि युरेनियम-२३६ घडतं, म्हणजे युरेनियम-२३५मध्ये न्यूट्रॉन शिरल्यावर जे झालं असतं ते.

दोन्ही कण वेगळे ओळखायला पातळ आणि जाड अशा सिलिकॉन डिटेक्टरांची जोडी असते. पातळ थरात कणानं किती ऊर्जा गमावली आणि जाड थरात किती उरली, हे एकमेकांसमोर मांडलं की आलेखावर ठिपके साचत जातात आणि अल्फाचा पट्टा ड्युटेरॉनच्या पट्ट्यापासून सुटा होतो. घडलेलं केंद्रक फुटलं, तर शेजारचा डिटेक्टर त्या विखंडनाचे तुकडे पकडतो. अल्फासोबत किती वेळा तुकडे आले, ड्युटेरॉनसोबत किती वेळा, एवढं मोजायचं.

खरी हुशारी या दोहोंच्या गुणोत्तरात आहे. बीम तोच, टार्गेट तेच. युरेनियम-२३५चं न्यूट्रॉनमुळे होणारं विखंडन आधीच नीट मोजलेलं, त्यामुळे त्या आधारावर प्रोटॅक्टिनियमचा आकडा मिळतो. तो ११.५ ते १६.५ एमईव्ही ऊर्जेच्या न्यूट्रॉनसाठी काढला गेला.

अर्थात हे मोजमाप विखंडनाचं. ताऱ्यांसाठी हवं ते ग्रहण, म्हणजे न्यूट्रॉन पोटात ठेवून गॅमा किरणांनी शांत होणं, आणि ते फार नाजूक आहे. वळशानं घडलेल्या केंद्रकाचा स्पिन न्यूट्रॉननं घडवलेल्यापेक्षा वेगळा असतो. विखंडनात, त्यातही इतक्या ऊर्जेला, तो फरक बराचसा खपतो. ग्रहणात उत्तरच चुकवतो. म्हणून आधी स्थिर मॉलिब्डेनम-९५वर परीक्षा घेतली गेली, कारण त्याचं ग्रहण थेट मोजता येतं. ड्युटेरॉन आदळवून, प्रोटॉन आणि गॅमा एकत्र टिपून, स्पिनचा हिशेब सिद्धांतानं लावल्यावर २०१९मध्ये वळशाचं उत्तर थेट मोजमापाशी जुळलं.

आता अस्थिर केंद्रकांचाच बीम करायचा आणि तो ड्युटेरियम असलेल्या टार्गेटवर सोडायचा. केंद्रक ड्युटेरॉनमधला न्यूट्रॉन घेऊन पुढे निघतं, सुटलेला प्रोटॉन सिलिकॉनमध्ये सापडतो.