प्रत्येक गटाचा अखेरचा माती-नमुना संगणकातून कसा काढावा

माती-परीक्षणाच्या नोंदी आता संगणकात ठेवल्या जातात. एकाच गटाचे नमुने निरनिराळ्या वर्षी घेतले गेल्यामुळे त्याच्या नावे अनेक ओळी साठतात. खताची मात्रा ठरविताना मात्र प्रत्येक गटाची अखेरची ओळ तेवढी हवी असते, आणि ती काढण्यातच पुष्कळदा गफलत होते.

समजा, गट क्रमांक ११२ मधील सेंद्रिय कर्ब २०१६ साली ०.६२ टक्के, २०१९ साली ०.५० टक्के व २०२३ साली ०.३५ टक्के भरला. संगणकाकडे ‘ग्रुप बाय’ने गटवार मांडणी करून प्रत्येक रकान्याचा ‘मॅक्स’, म्हणजे सर्वांत मोठा आकडा मागितला, तर तो २०२३ साल आणि ०.६२ टक्के कर्ब एकाच ओळीत मांडतो. तारीख एका नमुन्याची, कर्ब दुसऱ्याचा! असा नमुना त्या शेतातून कोणी कधी घेतलेलाच नाही. वस्तुतः कर्ब कमी झाला असून पिकास शिफारशीपेक्षा अधिक नत्र द्यावयास हवे. परंतु या ओळीवर विसंबणारा शेतकरी ते देणार नाही. संगणकही चूक दाखवीत नाही, कारण जे विचारले तेच त्याने दिले.

यास्तव गटवार केवळ अखेरची तारीख काढावी आणि गट व तारीख या दोहोंवरून मूळ तक्त्यातील संपूर्ण ओळ जोडून घ्यावी. याहून सोयीची रीत ‘रो-नंबर’ची. तीत ‘पार्टिशन बाय’ने गट वेगळे करावयाचे, ‘ऑर्डर बाय’ने तारखा उतरत्या क्रमाने लावावयाच्या, आणि बाहेरच्या प्रश्नात पहिल्या क्रमांकाची ओळ तेवढी निवडावयाची. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २०१८ सालच्या ८.० या आवृत्तीपासून आहे.

एकाच दिवशी दोन नमुने घेतलेले असल्यास पहिली रीत दोन्ही ओळी देते, तर दुसरी त्यांतील कोणतीही एक उचलते. तेव्हा तारखेमागून नमुना क्रमांकही क्रमात घालावा. तारीख नमुना घेतल्याची धरावी, संगणकात भरल्याची नव्हे. जुन्या पत्रिका मागाहून भरल्या जातात, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस ठाऊकच आहे. यादी हाती येताच दोनचार गटांच्या ओळी शेतकऱ्यांजवळील पत्रिकांशी ताडून पाहाव्यात.

ज्या गटांचा नमुना कधीच घेतला नाही, ते वरील यादीतून निसटतात. म्हणून आरंभ गावातील सर्व गटांच्या तक्त्यापासून करून नमुन्यांचा तक्ता त्यास ‘लेफ्ट जॉइन’ने जोडावा. मग ज्या ओळी रिकाम्या दिसतील, तेथे प्रथम नमुने घ्यावेत.