पडदा जुळून येईपर्यंत

लहान मुलाचा कान फुटला म्हणजे आपल्याकडील कित्येक घरांतून आजही प्रथम लसूण घालून कढवलेल्या तेलाची वाटी पुढे येते, आणि चार दिवसांत पू थांबला की दुखणे हटले असे समजून सर्वजण निश्चिंत होतात. सर्दीच्या पाठोपाठ मध्यकर्णात साचलेल्या पुवाने पडद्याला पाडलेले ताजे भोक बहुधा आपोआप बुजते, हे खरेच आहे. परंतु महिनेच्या महिने उलटूनही जे बुजत नाही, ज्यातून अंघोळीचे पाणी शिरताच कान पुन्हा वाहू लागतो आणि ज्यापायी वर्गात मागे बसलेल्या मुलाला गुरुजींचे निम्मे बोलणे ऐकू न येऊन ते उगाच ‘लक्ष न देणारे’ ठरते, त्या भोकावर तेल हा इलाज नव्हे, तर अपाय आहे.

कानाचा पडदा जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका पातळ असतो. ध्वनीने होणारे त्याचे कंपन तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून अंतर्कर्णाकडे जाते. पडद्याला छिद्र पडले की हे कंपन दुबळे होते, आणि मध्यकर्णाचे बाहेरच्या जंतूंपासून होणारे रक्षणही संपते. हा पडदा पुन्हा उभारण्याच्या विद्येला 1950 नंतरच्या दशकात जर्मनीतील वुलश्टाइन व झोलनर या दोन शल्यविशारदांनी शास्त्रशुद्ध बैठक दिली. आज बहुधा कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा, किंवा कानाच्या कूर्चेचा, लहानसा तुकडा घेऊन तो छिद्राखाली बसवितात. त्या आधारावर मूळ पडद्याच्या कडा वाढत जाऊन छिद्र मिटते.

शस्त्रक्रियेची तयारी मात्र इस्पितळात दाखल होण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. कान काही आठवडे कोरडा राहावा, असा बहुतेक तज्ज्ञांचा आग्रह असतो. त्यासाठी अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानात बसवावा आणि पोहणे सर्वस्वी बंद ठेवावे. नाकाकडेही तितकेच लक्ष हवे, कारण नाकामागून मध्यकर्णाला हवा पुरविणारी नलिका लहानपणी आखूड व आडवी असते, आणि वाढलेल्या ॲडेनॉइड ग्रंथींनी तिचे तोंड दाबले गेले असेल, तर नवा पडदाही धोक्यात येतो. याच कारणास्तव अनेक डॉक्टर मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत थांबण्याचा सल्ला देतात, आणि तो सल्ला म्हणजे टाळाटाळ असे पालकांनी मुळीच समजू नये. मात्र स्रावाला सतत दुर्गंधी येत असेल व पडद्याच्या कडेला हाड कुरतडणारा कोलेस्टिॲटोमा आढळला, तर तेथे थांबण्यास मुभा नाही.

आदल्या दिवशी मुलाला खरे ते सांगावे, असे माझे ठाम मत आहे. ‘काहीच होणार नाही’ असे खोटे आश्वासन मिळालेले मूल शुद्धीवर येताच डोक्याभोवतीची पट्टी पाहून घाबरते आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला अविश्वासाने सामोरे जाते. याउलट ‘तुला झोप येईल, उठल्यावर कान बंद वाटेल, थोडे दुखेल, आणि आई जवळच असेल’ एवढे ऐकलेले मूल बरेच धीराने वागते. पूर्ण भूल द्यायची असल्याने अन्न साधारण सहा तास व साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. या बाबतीत भूलतज्ज्ञाची ताकीद अक्षरशः पाळावी, आणि आजीने मायेपोटी दिलेले घोटभर दूधसुद्धा लपवू नये, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासमार्गात गेल्यास जीवावर बेतू शकते.

घरी आल्यानंतरचे दिवस पालकांच्या परीक्षेचे असतात. कानात विरघळणाऱ्या स्पंजाचे तुकडे भरलेले असल्यामुळे आरंभी ऐकू कमीच येते. कापसाला किंचित लालसर डाग पडतो, मधूनच चटचट आवाज होतो, आणि यात भिण्याजोगे काही नसते. मुलाने नाक जोराने शिंकरू नये व शिंक तोंड उघडे ठेवूनच द्यावी, कारण नाकातून चढलेला हवेचा दाब कोवळा तुकडा जागेवरून सरकवू शकतो. पाणी, धावपळीचे खेळ व विमानप्रवास यांची मुदत डॉक्टरांनाच ठरवू द्यावी. शाळा बहुधा एक-दोन आठवड्यांत सुरू होते. परंतु ताप चढला, चक्कर थांबेना, दुर्गंधीयुक्त पू आला किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे.

बहुतेक मुलांचा पडदा जुळून येतो. काहींचा येत नाही, आणि त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा असतो. श्रवणाची खरी मोजणी दोन-तीन महिन्यांनीच होते, आणि कान कोरडा दिसू लागला की नेमकी हीच तपासणी पुष्कळ घरांतून राहून जाते. पालकांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की मूल हसते-खेळते दिसत असले, तरी त्या तारखेला शाळेची रजा काढून त्याला तपासणीस अवश्य न्यावे.