संधिवात आणि गृहिणीचे स्वावलंबन

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, नळ फिरत नाही आणि डब्याचे झाकण उघडण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. ही अवस्था जिने भोगली आहे तिला ऱ्हूमॅटॉइड संधिवात म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आपल्याकडे त्याला आमवात म्हणण्याचा प्रघात आहे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तेथे सूज धरते, आणि ती वेळीच आवरली नाही तर हाडे झिजू लागतात. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा विकार दुपटी-तिपटीने अधिक, आणि तोही अनेकदा ऐन संसाराच्या वयात.

मायदेशी सासूबाई, जाऊबाई, शेजारीण असे चार हात मदतीला येतात. येथे दुबई-शारजात यजमान कामावर व मुले शाळेत गेली की घरात आपलेच दोन हात उरतात. ते रुसले म्हणजे दुखण्याहून परावलंबनाचे भय मोठे वाटते, आणि कित्येक भगिनी दुखणे अंगावर काढतात. दुबईतील अशा रुग्णांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी वर्षाहून अधिक काळ गेल्याचे आढळले. या रोगात ते वर्षच मोलाचे असते.

निदान झाले, औषध सुरू झाले, तरी पुढे काय? तीन-तीन महिन्यांनी डॉक्टरांची पंधरा मिनिटे मिळाली, तर वर्षाकाठी तो एक तास होतो. वर्षाचे तास ८,७६०. उरलेल्या साऱ्या तासांत रोग सांभाळावयाचा तो रुग्णानेच. मग त्याचे शिक्षण तिला कोणी द्यावयाचे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग या मूळच्या परिचारिका असलेल्या विदुषीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस हाच प्रश्न हाती घेतला. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे रुग्णांनी एकत्र बसावयाचे. आणि शिकविणारे डॉक्टरच असले पाहिजेत असे नाही, त्याच रोगाने ग्रासलेली, थोडी तयारी करून घेतलेली सामान्य माणसेही चालतात. प्रत्येकीने त्या आठवड्याचा एक लहानसा संकल्प सांगावयाचा: काय करणार, किती, केव्हा व आठवड्यातून किती वेळा. मग तिला विचारतात, हे पार पडेल याची खात्री शून्य ते दहांत किती? उत्तर सातांहून कमी आले तर संकल्प लहान करावयाचा. नववर्षाचे आपले मोठमोठे संकल्प कोठे विरतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातील शहाणपण लगेच पटेल.

१९९३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे फळ विचार करावयास लावणारे आहे. चार वर्षांनंतर या मंडळींची वेदना सरासरी २० टक्क्यांनी व डॉक्टरांकडील खेपा ४० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. शारीरिक अक्षमता मात्र ९ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे सांधे मागे फिरले नव्हते, तरी माणसे सावरली होती.

स्वावलंबन म्हणजे औषध सोडणे असा समज कोणी करून घेऊ नये. मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. आपल्या घरांत उपवासाचे वार ठरलेले असतात, तसा गोळीचाही एक वार ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. अपत्याचा विचार असल्यास डॉक्टरांना अगोदर सांगून ही गोळी काही महिने आधीच थांबवावी लागते. स्टेरॉइड तर उपवासाच्या निमित्तानेही एकाएकी बंद करू नये. आणखी एक: ट्रामाडॉल, कोडीन अशा वेदनाशामकांवर या देशात कडक नियंत्रण आहे, मायदेशाहून येताना परवानगीवाचून ती पिशवीत टाकू नयेत.

योगासनांविषयी आपल्या मंडळींत विशेष आस्था असते, म्हणून दुबईतच झालेला एक प्रयोग सांगतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४७ रुग्ण होते, बहुतेक स्त्रिया, व त्यांत भारतीयही होत्या. आठ आठवडे योग करणाऱ्यांचा रोगाचा जोर उतरला व दैनंदिन कामे सोपी झाली. पण एकंदर जीवनमानाच्या मापात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. गट लहान होता. आशा बाळगावी, गोळीही चालू ठेवावी.

स्वयंपाकघरातील युक्त्या मात्र आजच आचरता येतात. कढई एका हाताने कानाला धरून न उचलता दोन्ही तळव्यांवर तोलावी, उलथन्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून तो जाड करावा, कणीक यंत्रात मळावी. कणकेच्या बाबतीत आमच्या ओळखीच्या एका काकूंना फार अपराधी वाटे. पोळी हातची नाही म्हणून यजमान एका शब्दानेही बोलले नव्हते. बोलत होते ते त्यांचे स्वतःचेच मन. गेल्या दिवाळीत त्यांनी दारात हातभर रांगोळी काढावयाचे ठरविले. खात्री किती, असे त्यांच्याच दुखण्याच्या एका मैत्रिणीने विचारले, तेव्हा त्या पाच म्हणाल्या. रांगोळी वीतभर केली, पाटावर बसण्याऐवजी टेबलावर ताट ठेवून त्यात काढावयाची ठरली. मग थोडा विचार करून काकू म्हणाल्या, “आठ.”