किती लांब मारती?

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. चुनखडीचे खडे वेचून झाले, आराध्यांची गाणी ऐकून झाली, पदरात भेळेची पुडी पडली, की पोरांचे पाय एका पालाकडे वळतात. मागे लाकडी फळी, फळीवर रांगेने टाचलेले फुगे, पुढे टेबलावर छर्‍याची बंदूक. आमच्या पिढीतल्या बहुतेकांची नेमबाजी तिथेच सुरू झाली आणि तिथेच संपली. मी दरवर्षी दहा छर्‍यांचे पैसे मोजायचो, दोन-तीन फुगे फोडायचो आणि उरलेल्यांचं खापर बंदुकीवर फोडायचो. पालवाल्याला प्रश्न मात्र एकच असायचा, "किती लांब मारती हो ही?" तो हनुवटीनेच रस्त्यापलीकडचा लिंब दाखवायचा.

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात जुनाच आहे. विजापूरच्या तटावर आज जी मुलूखमैदान तोफ दिसते, ती १६३२ मध्ये तिकडे गेली; त्याआधी तिचा मुक्काम आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होता. १५४९ मध्ये अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ती ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. अशा तोफेबद्दल माणूस पहिल्यांदा विचारतो ते पल्ल्याचंच. पलीकडच्या फौजेत कुठेही गोळा पडला तरी काम होत होतं, अमुक घोडेस्वाराच्या पागोट्यावरच पडावा अशी अपेक्षा नव्हती. ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर उभं राहून आपण गोफण फिरवतो तिचंही तसंच. धोंडा कुठे पडला याच्याशी पाखरांना देणंघेणं नसतं, आवाज झाला की थवा उठतो.

एअर पिस्तुलाच्या खेळाने पल्ल्याचा हा प्रश्नच मोडीत काढला आहे. अंतर १० मीटर. शाळेच्या एका मोठ्या वर्गात बसेल एवढं, खो-खोच्या दोन खांबांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे आणि अंतर तेवढंच आहे. लक्ष्याचा कागद १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्याच्या मधोमध ६ सेंटिमीटरला किंचित कमी व्यासाचं काळं वर्तुळ, आणि त्या काळ्याच्या पोटात दहा गुणांचं वर्तुळ, व्यास ११.५ मिलिमीटर. शर्टाचं बटण घ्या, दहा मीटरवरच्या भिंतीला चिकटवा आणि एक हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवा. बोट किती हलतंय ते बघितलंत की पुढचं सगळं सोपं जाईल.

आधी छर्‍याचं बघू. तो ४.५ मिलिमीटर व्यासाचा, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम, शिशाचा. कमरेत आवळलेला, मागे घागर्‍यासारखा पसरट आणि पोकळ. हवेच्या दाबाने हा घागरा फुलून नळीच्या आतल्या आट्यांना घट्ट बसतो, त्यामुळे हवा निसटत नाही आणि छर्‍याला फिरकी मिळते. बाहेर पडल्यावर हाच घागरा बॅडमिंटनच्या फुलाच्या पिसांसारखा मागून ओढ देतो आणि तोंड पुढे ठेवतो. ते तोंड मात्र सपाट असतं, कापून टाकल्यासारखं. टोकदार छर्रा कागद फाडतो, सपाट छर्रा कचेरीतल्या पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतो, आणि गुण मोजायला गोल भोकच लागतं. या सपाट तोंडाची किंमत म्हणजे हवा त्याला लवकर अडवते. थोडक्यात, स्पर्धेच्या छर्‍याने पल्ला आपखुशीने सोडून दिलेला आहे.

नळीतून तो सेकंदाला साधारण १५० ते १७० मीटर वेगाने सुटतो. दहा मीटरला सेकंदाचा पंधरावा-सोळावा हिस्सा लागतो. पापणी मिटून उघडायच्या आत कागदाला भोक पडलेलं असतं. एवढ्याशा वेळातही पृथ्वी त्याला सुमारे २ सेंटिमीटर खाली ओढते. म्हणजे नळी अगदी सरळ मध्यावर रोखली, तर छर्रा दहाच्या वर्तुळातून केव्हाच खाली उतरलेला असणार. नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवून ही घट आधीच भरून काढलेली असते. अंतर दुप्पट केलं की ही घट चौपटीच्याही पुढे जाते, कारण तोवर वेग मंदावलेला असतो. ५० मीटरवर छर्रा अर्ध्या मीटरहून जास्त खाली आलेला असेल आणि वार्‍याची झुळूकही त्याला बाजूला नेईल. तो तिथवर पोहोचतो का? पोहोचतो. तिथे बटणाला लागतो का, ते विचारू नका.

जत्रेतली बंदूक स्प्रिंगची असते. चाप ओढला की आतला दट्ट्या धावतो, त्याच्या पुढे हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. पण दट्ट्याचा हिसका छर्रा नळीत असतानाच बसतो, त्यामुळे बंदूक कशी धरली यावर नेम बदलतो. स्पर्धेच्या पिस्तुलात हा दट्ट्या उरलेला नाही. नळीखाली एक नळकांडं असतं, त्यात २०० बारपर्यंत हवा भरलेली, आणि प्रत्येक वेळी तेवढीच हवा सोडणारा नियंत्रक. धक्का जवळपास नसतोच. स्टायर, मोरिनी, वॉल्टर, फाइनवर्कबाऊ ही नावं या खेळात वरचेवर कानावर पडतात. असं पिस्तूल शिकंजात आवळून पाच छर्रे मारले तर कागदावर जवळजवळ एकच भोक दिसतं. म्हणजे चुकायचं काम माणसावर येऊन पडलं.

माणूस कुठे चुकतो, याचा हिशेब मला फार आवडतो. छर्‍याची कड दहाच्या रेषेला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणून वर्तुळाच्या त्रिज्येत छर्‍याची निम्मी जाडी मिळवायची: ५.७५ अधिक २.२५, म्हणजे ८ मिलिमीटर. छर्‍याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. आता समजा तुमचा अख्खा हात, पिस्तुलासकट, ५ मिलिमीटर उजवीकडे सरकला, पण पिस्तूल तिरकं झालं नाही. छर्राही ५ मिलिमीटरच उजवीकडे जाईल, दहा गुण शाबूत. पण हात जागच्या जागी राहिला आणि मनगट वळलं तर? पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं. पुढची साइट मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर ती चूक तीसपटीने वाढते आणि दहा हातातून जातात.

म्हणूनच नेमबाज लक्ष्याकडे टक लावून बघत नाही. नजर पुढच्या साइटवर, ती खाचेत मधोमध आणि वरच्या कडा एका पातळीत, आणि लांबचं काळं वर्तुळ धूसर. बहुतेक जण काळ्याच्या मध्यावर नेमही धरत नाहीत. त्याच्या खाली, घड्याळात सहा असतात त्या बाजूला, पांढर्‍यात थोडी जागा सोडून धरतात, कारण काळ्यावर काळी साइट दिसत नाही. अर्जुनाला पोपटाचा डोळाच दिसत होता हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पिस्तुलाच्या गुरूने त्या उत्तरावर त्याला परत रांगेत पाठवलं असतं.

मी पुण्यात एका नातेवाइकांच्या मुलीबरोबर रेंजवर गेलो तेव्हा प्रशिक्षकांनी माझ्या हातात पिस्तूल दिलं आणि पहिला अर्धा तास छर्राच दिला नाही. समोर कोरी पांढरी भिंत. हात उचला, साइट जुळवा, चाप दाबा, साइट हलली का सांगा. दर वेळी हलत होती. शेवटी छर्रे मिळाले तेव्हा माझा हात काळ्याभोवती माशीसारखा घोंगावत होता, आणि तो मध्यावर आला की मी "आत्ता!" म्हणून चाप ओढत होतो. पाचपैकी दोन भोकं कागदाच्या पार कोपर्‍यात. "काका, हात सगळ्यांचाच हलतो. ऑलिंपिकवाल्यांचाही हलतो. त्याला हलू द्या, तुम्ही चाप हळूहळू दाबत राहा," प्रशिक्षक म्हणाले. नियमाने चापावर किमान ५०० ग्रॅम भार लागतो, अर्धा किलो साखरेची पुडी एका बोटावर. तो भार हळूहळू चढवत न्यायचा, कधी सुटलं ते आपल्याला कळू नये इतका. "आत्ता!" म्हटलं की मनगट वळतंच, आणि मनगटाचा हिशेब वर सांगितलाच आहे.

पात्रता फेरीत असे ६० नेम, ७५ मिनिटांत. पिस्तूल दीड किलोच्या आत हवं. बहुतेकांचं किलोच्या आसपास असतं. ते एकाच हाताने, मनगटाला आधार न देता उचलायचं. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात, म्हणजे शरीर डुलत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, लोकांना तो बेफिकीर वाटला. त्याचा तो हात चोख काम करत होता.

त्याच पॅरिसमध्ये, २०२४ च्या जुलैत, मनू भाकरने ६०० पैकी ५८० गुण घेऊन अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. दहाच्या आतही १०.० ते १०.९ अशा पायर्‍या असतात आणि एक पायरी ०.८ मिलिमीटरची. तिचे २२ नेमांचे २२१.७ झाले, पुढे असलेल्या कोरियाच्या खेळाडूचे २२१.८. कांस्य आणि त्यावरच्या पदकाची आशा यांत ०.१ गुण. बावीस छर्‍यांपैकी एखादा ०.८ मिलिमीटर आत पडला असता तर, असं म्हणायचा मोह होतो. ०.८ मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कितीतरी कमी.

महाराष्ट्रात या खेळाचं नाव काढलं की कोल्हापूर आठवतं, आणि त्यामागे एक साधं कारण आहे: शाळेत एनसीसी होती आणि रायफल हातात मिळाली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. तिच्याच शाळेतली राही सरनोबत तिच्याकडे बघून या वाटेला लागली. राहीने २०१३ मध्ये चांगवॉनला २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ मध्ये पालेंबंगला आशियाई सुवर्ण. पॅरिसचा कांस्यविजेता स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, घडला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. यांचे प्रकार दारूगोळ्याचे आणि लांब अंतरांचे आहेत, पण साइट, श्वास आणि चाप हे तिन्ही धडे तेच.

आपल्याकडे खो-खो आहे. सारिका काळे धाराशिवची, भारताची माजी कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्काराची मानकरी. खो-खोला दोन खांब आणि एक मैदान लागतं, म्हणून तो इथे रुजला. एअर पिस्तुलाला पंधरा-वीस मीटरची बंद खोली पुरते: मागे जाड लोखंडी पत्रा किंवा छर्रे पकडणारी पेटी, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच, लक्ष्यावर भरपूर उजेड, आणि नेमबाज उभा असताना रेषेपलीकडे कुणी जाणार नाही अशी कडक शिस्त. अडचण पैशाची आहे. परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, आणि नळकांड्यात भरायला दाबाची हवा आपल्या तालुक्याच्या गावात मिळत नाही. सुरुवातीला हातपंपावर भागतं, दंड दुखतात एवढंच. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल सहा-साडेसहा ज्यूलचं असतं. पण म्हणून ते खेळणं नाही. छर्रा दहा मीटरवर थांबत नसतो आणि डोळा जायला दोन ज्यूलही पुष्कळ झाले. शिवाय छर्रे शिशाचे, खेळून झालं की हात धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत.

मागच्या चैत्रात पुन्हा येरमाळ्याला गेलो. तेच पाल, मालक बहुधा आधीच्याचा मुलगा. दहा छर्रे घेतले आणि पहिले पाच फुग्यांना मारलेच नाहीत. फळीवरच्या एका खिळ्यावर नेम धरून पाचही एकाच जागी टाकायचा प्रयत्न केला. "फुग्याला हाणा की, फळीला कशाला?" तो म्हणाला. फळीवरच्या खुणा बघितल्या: पाचही खिळ्याच्या डावीकडे, चार बोटं अंतरावर, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा. मग फुग्याच्या उजवीकडे चार बोटं धरून सहावा मारला. फुटला. सातवा फुटला, आठवाही फुटला.

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने माझ्या हातातली बंदूक काढून घेतली आणि शेजारची दिली.

"ती डावीकडं जाती," तो म्हणाला. "ही घ्या."