पायांचं आरोग्य, भाग ७ : तळपायातली चामखीळ

चालताना तळपायात खडा रुतल्यासारखं वाटू लागलं, की निदान बहुधा घरातच होतं, ‘कुरूप झालंय.’ मग औषधाच्या दुकानातून कुरुपाची पट्टी येते, नाहीतर दाढीचं ब्लेड हातात घेतलं जातं. गेल्या आठवड्यात टाचांच्या भेगांबद्दल लिहिलं, तेव्हाही ब्लेडचा उल्लेख आला होता. पण पायात आहे ती चामखीळ असेल, तर ब्लेडइतका घातक उपाय दुसरा नाही.

कुरूप होतं दाबामुळे आणि घासण्यामुळे. चामखीळ होते विषाणूमुळे. इटलीच्या चुफो या डॉक्टरांनी १९०७ साली चामखिळीचा अर्क जिवाणूही अडतील अशा बारीक गाळणीतून काढून टोचला, तरी नवी चामखीळ उठली. त्या विषाणूला आज आपण एचपीव्ही म्हणतो. नाव ऐकून काही जणी घाबरतात, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ते जोडलेलं आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. कर्करोगाला मुख्यतः १६ आणि १८ क्रमांकाचे कारणीभूत ठरतात, तळपायात बहुधा १, २, ४, २७ आणि ५७ आढळतात. या दुसऱ्या गटाची त्या कर्करोगाच्या संदर्भात भीती बाळगायचं कारण नाही.

आता ओळख. उजेडात बसून तळपाय नीट बघा. कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. कुरुपावर किंवा घट्ट्यावर त्या तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी मात्र तुटतात आणि कडेने वळसा घालतात. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त कळ येते. वरचा जाड थर थोडा घासला तर चामखिळीत काळे ठिपके दिसतात. त्यांनाच लोक ‘मूळ’ समजतात आणि ते उपटून काढायला जातात. ते मूळ नव्हे. त्या रक्त गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आहेत. विषाणूची वस्ती त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातच असते. शरीराच्या वजनाने चामखीळ आत दाबली जाते, म्हणून ती खोल वाटते. ब्लेडने खोल कोरलं की रक्त येतं, विषाणूला शेजारच्या कातडीत शिरायला नवी वाट मिळते, आणि वजन पडणाऱ्या जागी राहिलेला व्रण पुढे कायम दुखू शकतो. बिब्बा किंवा चुना-सोड्याचा लेप यांचंही तेच. चामखीळ राहते बाजूला आणि चांगली कातडी भाजते. हे उपाय कृपा करून सोडा.

घरी करण्याजोगा खरा उपाय म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. रात्री कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं पाय बुडवायचा, मऊ झालेला पांढरा थर घासून काढायचा (रक्त येईपर्यंत नव्हे), भोवतालच्या कातडीला व्हॅसलिन लावायचं, औषध फक्त चामखिळीवर लावून वर चिकटपट्टी लावायची. हे रोज, तीन महिन्यांपर्यंत. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि औषधाला दोष देतात.

द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवणं हा दवाखान्यातला उपाय. तो वेदनादायक आहे, दर दोन-तीन आठवड्यांनी करावा लागतो, आणि लोकांना वाटतो तेवढा वरचढ नाही. ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने घरी ॲसिड लावलं, दुसऱ्याची चामखीळ गोठवली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे जेमतेम १४ टक्के लोकांच्या चामखिळी पूर्ण गेल्या होत्या. हा आकडा निराश करणारा आहे, पण तो मुद्दाम सांगते. ‘एका बैठकीत कायमची घालवतो’ म्हणणाऱ्यापासून तो तुम्हाला वाचवेल. हट्टी चामखिळींसाठी आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ एमएमआर लशीसारखं द्रव्य चामखिळीतच टोचतात. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन कधी कधी दूरच्या चामखिळीही जातात. लहान मुलांच्या बाबतीत तर थांबणं हाही उपचार आहे. निम्म्या मुलांच्या चामखिळी साधारण वर्षभरात आपोआप जातात.

हा विषाणू ओल्या फरशीवरून पसरतो आणि भिजून फुगलेल्या, चिरलेल्या कातडीतून आत शिरतो. म्हणून तरणतलाव, वसतिगृहाची न्हाणीघरं, व्यायामशाळा इथे चप्पल पायातून काढू नये. पावसाळ्यात दिवसभर ओल्या बुटात राहिलेले पाय घरी आल्याबरोबर पुसून कोरडे करावेत. आणि न्हाणीघरातली ती सगळ्या घराची एकच वज्री! चामखीळ असलेल्याची वज्री वेगळी ठेवा, टॉवेलही वेगळा. मुलांना चामखीळ खरवडू देऊ नका; हाताची नखंही विषाणू वाहून नेतात.

मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर ॲसिडची बाटली आणि कुरुपाची पट्टी दोन्हींना हात लावू नका. त्या पट्टीतही बहुधा हेच ॲसिड असतं. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. तसंच, प्रौढ वयात तळपायावर नव्याने उठलेला, पसरत जाणारा किंवा रक्त येणारा काळपट डाग चामखीळ समजून घासत बसू नका. भारतीयांमध्ये मेलॅनोमा हा कर्करोग कमी दिसतो, पण दिसतो तेव्हा अनेकदा तळपायावरच असतो. असा डाग त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

(पुढील भागात : नखांची बुरशी)