पेनिसिलिन-लवणांची स्फटिकरचना व टिकाऊपणा

पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यातून १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. परंतु अशा औषधाची खरी कसोटी लागते ती कारखान्यात नव्हे, तर भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीसारख्या गावी, जेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. कोरड्या स्फटिकांची मोहोरबंद कुपी हा उष्मा सोसते. त्याच लवणाचे पाण्यातील द्रावण मात्र लवकर निकामी होते. या भेदाचे मूळ रेणूच्या घडणीत आहे.

ही घडण कोणती, याविषयी महायुद्धाच्या काळात मोठाच वाद होता. चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या मातब्बर रसायनज्ञांस मान्य नव्हते. १९४५ साली ऑक्सफर्ड येथे डोरोथी हॉजकिन व बार्बरा लो यांनी क्ष-किरण विवर्तनाने त्याचा निकाल लावला. पोटॅशियम व रुबिडियम लवणांचे समचतुर्भुजी स्फटिक समाकृतिक असतात. एकाच जागी हलक्या धातूऐवजी जड धातू आल्याने विवर्तित किरणांची तीव्रता बदलते आणि त्या फरकावरून इतर अणूंच्या जागा शोधण्यास आधार मिळतो. सोडियम लवणाचा स्फटिक एकनत, म्हणजे निराळ्याच जातीचा. त्यावर बन व टर्नर-जोन्स यांनी स्वतंत्रपणे काम केले. दोन्ही वाटांनी रेणू एकच निघाला, हे विशेष.

या वलयात बंधांमधील कोन सुमारे ९० अंशांचे, म्हणजे अतिशय ताणलेले असतात. शेजारच्या पंचअणू वलयाशी ते जोडलेले असल्यामुळे नेहमीच्या अमाइडाप्रमाणे सपाट राहू शकत नाही. साहजिकच नायट्रोजनाकडून कार्बोनिल गटास मिळणारे स्थैर्य उणावते. अल्कलीच्या सान्निध्यात वलय फुटून पेनिसिलॉइक अम्ल बनते. अम्लातही रेणू तगत नाही. स्फटिकात मात्र रेणू जागच्या जागी जखडलेले असतात व पाण्याचा शिरकाव नसतो. खरा शत्रू उष्णतेहूनही ओलावा होय. प्रारंभीच्या काळातील अस्फटिकी, पिवळसर भुकटी दमट हवेत पाणी शोषून घेई आणि म्हणूनच ती थंडीत जपावी लागे.

प्रोकेन लवणाने निराळीच सोय केली. त्याच्या स्फटिकात एका पेनिसिलिन-रेणूमागे प्रोकेनचा एक व पाण्याचा एक रेणू असतो. येथे पाणी स्फटिकाच्याच बांधणीत गुंतलेले असल्याने ते अपायकारक ठरत नाही. हे लवण पाण्यात अल्प विरघळते. विरघळलेला अंशच काय तो नष्ट होत असल्यामुळे त्याचे निलंबन द्रावणापेक्षा पुष्कळ टिकते, आणि स्नायूत टोचल्यावर औषध सावकाश रक्तात उतरते. बेंझाथीन लवण तर याहूनही कमी विद्राव्य असून त्याच्या एका टोचणीचा परिणाम काही आठवडे राहतो. दवाखाना दूर असलेल्या रुग्णास ही अल्प विद्राव्यताच उपकारक ठरते.